चमच्यांना नऊ इंच आणि कुकरला वनवास

मंडळी, गेले तीन आठवडे इथे काही लिहिलं नाही. दोन-तीन जणांनी विचारलंही की बाई, तब्येत बरी आहे ना. तब्येत उत्तम आहे. घरात युद्ध चालू होतं, एवढंच. एका बाजूला मी: वय वर्षे ७४, उंची ४ फूट ११ इंच, हातात मोजपट्टी. दुसऱ्या बाजूला माझा मुलगा, त्याने आणलेला इंटिरिअर डिझायनर आणि त्याच्या लॅपटॉपमधलं चित्र. सूनबाई तटस्थ आहेत, असं त्यांचं स्वतःचं म्हणणं आहे. आणि युद्धाचं कारण? ओट्याखालच्या ट्रॉल्या एकमेकींपासून किती अंतरावर असाव्यात.

हसू नका. मलाही आधी वाटलं होतं की ह्यात भांडण्यासारखं काय आहे. पण जसजशी मापं घेत गेले तसतसं लक्षात यायला लागलं की हे अर्ध्या इंचाचं भांडण वाटतं तितकं अर्ध्या इंचाचं नाही.

झालं असं की सिंकजवळचं प्लाय कुजलं. हात लावला की भुगा पडायचा. तेव्हा यंदा स्वयंपाकघर नवं करायचं ठरलं. तो डिझायनर मुलगा आला. चांगला मुलगा आहे, नम्र आहे, चपला बाहेर काढून आला, "काकू" म्हणाला. खिशातून एक छोटं यंत्र काढलं, भिंतीवर लाल ठिपका पडला आणि खोलीची लांबी-रुंदी मिलीमीटरमध्ये मिळाली. मला फार कौतुक वाटलं. आमच्या वेळी दोन मुलं टेपची दोन टोकं धरून उभी राहायची आणि तिसरा आकडा वाचायचा, तोही चुकीचा. पाच मिनिटांत त्याने भिंती, खिडकी, दार, नळ, गॅसची पाइप, सगळं मोजलं. पाणी प्यायला आणि गेला.

त्याने एकही भांडं मोजलं नाही. मोजणं राहू द्या, एकही भांडं पाहिलं नाही!

चार दिवसांनी चित्र घेऊन आला. चित्र सुरेख होतं. फ्रिजपासून खिडकीपर्यंत ओट्याखाली दोन आडव्या रेषा, सरळसोट, शाळेच्या दुरेघी वहीसारख्या. तीन-तीन ट्रॉल्यांचे तीन उभे कप्पे, प्रत्येक ट्रॉली नऊ इंच. "काकू, लाइन्स कंटिन्यू झाल्या की किचन मोठं दिसतं."

मी विचारलं, "चमचे कुठे?"

"वरच्या ड्रॉवरमध्ये."

"आणि कुकर?"

"सगळ्यात खाली. जड वस्तू खाली."

"बसतो का?"

"बसेल ना काकू, स्टँडर्ड साइज आहे."

आता तुम्हीच सांगा, स्टँडर्ड काय आहे, ट्रॉली की माझा कुकर? माझा कुकर ५ लिटरचा, शिट्टी काढून ठेवला तरी तळापासून झाकणावरच्या नळीपर्यंत ९ इंच भरतो. आणि नऊ इंची ट्रॉलीत नऊ इंच जागा कधीच नसते. हे वाक्य मी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारल्या असत्या.

का नसते ते सांगते. ज्यांना हिशोबाचा कंटाळा आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण मग उद्या तुमचा कुकर बसला नाही तर मला फोन करायचा नाही. ट्रॉलीची दर्शनी फळी नऊ इंच असते. आत जी पेटी असते तिचा तळ पाव इंची प्लायचा. तो तळ पेटीच्या खालच्या कडेपासून पाव इंच वर, खाचेत बसवलेला. वरच्या ट्रॉलीच्या पोटाला आपलं भांडं घासू नये म्हणून आणखी पाव इंच मोकळं सोडायचं. झाला पाऊण इंच गेला. मधल्या ट्रॉलीत उरले सव्वाआठ. सगळ्यात खालच्या ट्रॉलीला कपाटाच्या तळाची पाऊण इंची फळीही सोसावी लागते आणि सगळ्यात वरचीला माथ्यावरच्या पट्टीची. म्हणजे तिथे उरले साडेसात. साडेसात, सव्वाआठ, साडेसात. नऊ इंचाचा कुकर तिन्हीपैकी कशातच बसत नाही. आणि वरच्या साडेसात इंचांत काय, तर चमचे, पळ्या, डाव, उलथणं, लाटणं. ह्या सगळ्यांना मिळून उंची लागते दोन इंच. म्हणजे चमच्यांच्या डोक्यावर साडेपाच इंच हवा खेळतेय आणि कुकर रस्त्यावर.

हे सगळं मला लॅपटॉप न उघडता का दिसलं? कारण हे माझ्याबाबतीत एकदा होऊन गेलेलं आहे.

२००८ साली आम्ही हेच स्वयंपाकघर पहिल्यांदा "मॉड्युलर" केलं. तेव्हाचा माणूस वेगळा होता, चित्र कागदावर होतं, पण रेषा ह्याच. तीन सारख्या फळ्या. त्यांच्या मागे स्टीलच्या जाळीच्या ट्रॉल्या. त्या जाळ्या बाजारात ४, ६ आणि ८ इंच उंचीच्या मिळतात: चमच्यांची, कपबश्यांची, थाळ्यांची. म्हणजे बघा, जाळी बनवणाऱ्याला कळत होतं की चमचा आणि थाळी सारखी नसते. पण आमच्याकडे त्या चार इंची जाळीपुढेसुद्धा नऊ इंची फळी ठोकली, कारण तीन फळ्या सारख्या दिसायला हव्यात. मी तेव्हा म्हटलं होतं, "कुकर कुठे ठेवायचा?" ह्यांना चित्र फार आवडलं होतं. ते म्हणाले, "अगं, ठेवशील कुठेतरी, एवढं काय?" पाहुणे बसले होते, तो माणूस समोर होता. मी गप्प बसले. वर्गात ६० मुलांना गप्प करणारी मी, घरात माझ्याच ओट्याच्या मापावरून गप्प बसले.

कुकर मग सिंकच्या वरच्या फळीवर गेला. जमिनीपासून ५ फूट २ इंच. माझ्या डोक्यापेक्षा तीन इंच वर. पंधरा वर्षं मी तो चवड्यावर उभी राहून काढला आणि चवड्यावर उभी राहून ठेवला. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. २०२३ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी तो निसटला. मी तो झेलायला गेले (झेलायला! सवय, दुसरं काय) आणि ओल्या फरशीवर पडले. डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. ह्यांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मुलगा रोज ऑफिसमधून लवकर यायचा, सून डबे भरायची, मी एका हाताने टीव्हीचा रिमोट सांभाळत बसायची. त्या सहा आठवड्यांत घरात पहिल्यांदा वाक्य आलं: "आई, आता स्वयंपाकाला बाई लावू या का?"

ते प्रेमानेच म्हटलं होतं, हे मला कळतं. तरीही. मनगट मोडलं कुकरच्या जागेमुळे आणि निष्कर्ष काय, तर आईला आता झेपत नाही. पोरगा गणितात नापास झाला तर बाकाची उंची चुकली होती का, हे कोणी बघत नाही. मी मात्र बघायची, म्हणून सांगते.

म्हणून ह्या वेळी गप्प बसायचं नाही असं ठरवलं. डिझायनरला म्हटलं, "बाळा, आठ दिवस दे. मी माप काढून देते."

आता माझी पद्धत सांगते. कोणालाही करता येईल, लॅपटॉप लागत नाही. पडद्याचा एक जुना लाकडी रूळ होता, चपटा, साधारण तीन फुटांचा. तो ओट्याशेजारी जमिनीवर उभा धरला. माझ्या ओट्याची उंची जमिनीपासून ३३ इंच. वर ग्रॅनाइट पाऊण इंच आणि त्याखाली कडप्पा सव्वा इंच, म्हणजे २ इंच दगडात गेले. खाली पाय आत जायला सोडलेली ४ इंची पट्टी. ३३ वजा २ वजा ४, उरले २७. ह्या २७ इंचांच्या दोन खुणा रुळावर केल्या. डिझायनरने ह्याच २७ ला तीनने भागलं होतं. भागाकार बरोबर आहे. उदाहरण चुकीचं आहे.

मग सगळी भांडी बाहेर काढली. सगळी म्हणजे सगळी. हॉलमध्ये चटई घालून मांडली, नात म्हणाली की आजीने दुकान टाकलंय. रोजची एकीकडे, आठवड्याची एकीकडे, सणावारी लागणारी तिसरीकडे. हे तीन ढीग करणं हाच खरा अभ्यास आहे, मोजणं नंतरचं. मला ५० वर्षांच्या संसारात हे माहीत नव्हतं की मी रोज वापरते ती भांडी जेमतेम २० आहेत. पुरणयंत्र, चकलीचा सोऱ्या, मोदकपात्र, मोठी परात, हे सगळे वर्षातून चार-पाचदा लागणारे पाहुणे. पण २००८ पासून उत्तम जागा त्यांनी अडवलेल्या, कारण त्या जागेत तेच बसत होते!

मोजताना एक गोष्ट. भांडं झाकणासकट मोजायचं, झाकणाच्या मुठीसकट. आणि ढिगातल्या सरासरीचं माप घ्यायचं नाही, सगळ्यात उंच जे असेल त्याचं घ्यायचं. सरासरीने ट्रॉली बंद होत नाही. माझी मापं अशी आली: चमचे-पळ्या-लाटणं २ इंच. मिसळणाचा डबा साडेतीन. पेले ४, वाट्या त्याहून कमी. कुकर ९. डाळ-तांदळाचे रोजचे डबे पावणेनऊ. पातेली एकात एक घातलेली सहाच्या आत. कढई झाकणाशिवाय पाच.

प्रत्येकाची खूण त्या रुळावर केली आणि शेजारी पेन्सिलने नाव लिहिलं. मग वर-खाली, वर-खाली करत उत्तर आलं: ४, ५, साडेदहा आणि साडेसात. बेरीज २७. तीनऐवजी चार ट्रॉल्या. त्यांत आतली जागा मिळते अनुक्रमे अडीच, सव्वाचार, पावणेदहा आणि सहा इंच. चमचे बसले, मिसळणाचा डबा आणि पेले बसले, कुकर आणि उंच डबे बसले, पातेली बसली. खरं सांगायचं तर चौथी ट्रॉली वाढवल्याने एकूण उंचीतला पाऊण इंच वाया गेला, कारण प्रत्येक ट्रॉली आपला पाऊण इंच खाते. आतल्या जागेची बेरीज त्याच्या चित्रात सव्वातेवीस होती, माझ्यात साडेबावीस. डिझायनरने हे बरोबर पकडलं, शाबास त्याची. पण त्याचे सव्वातेवीस इंच हवेने भरलेले आहेत आणि माझे साडेबावीस भांड्यांनी. मला पाऊण इंच परवडतो.

खरी ठिणगी पडली ती मापांवरून नव्हे, क्रमावरून. तुमच्या लक्षात आलं का, मी साडेदहाची मोठी ट्रॉली सगळ्यात खाली ठेवलेली नाही? वरून तिसरी ठेवली आहे आणि साडेसातची तिच्याखाली. हे बघून डिझायनरचा चेहरा शुद्धलेखनाची चूक दिसल्यावर माझा व्हायचा तसा झाला. "काकू, हे उलटं दिसेल. मोठा ड्रॉवर नेहमी खाली असतो. वजन खाली असलं पाहिजे."

का असलं पाहिजे? सुटं कपाट असेल तर बरोबर आहे. जड खण वर असला आणि तो पूर्ण ओढला तर कपाट अंगावर येऊ शकतं. आमच्या कपड्यांच्या कपाटाच्या बाबतीत हे कोणी म्हटलं असतं तर मी मान डोलावली असती. पण ओटा म्हणजे कडप्प्याच्या उभ्या भिंतींवर बसवलेला दगड आहे, त्यातच ही पेटी घट्ट बसवायची आहे. तो कुठे पालथा पडणार आहे? म्हणजे नियम एका वस्तूसाठी होता आणि तो दुसऱ्या वस्तूला लावला. शाळेत आम्ही ह्याला पाठांतर म्हणायचो.

आणि माझ्या बाजूने हिशोब बघा. कुकर सगळ्यात खालच्या ट्रॉलीत ठेवला तर त्याचा तळ जमिनीपासून पाच इंचांवर. वरून तिसरीत ठेवला तर बारा इंचांवर. सात इंचांचा फरक. त्यामुळे कुकरचा दांडा माझ्या गुडघ्याच्या वर येतो, नाहीतर पोटरीपाशी राहिला असता. दिवसातून दोनदा काढायचा म्हणजे वर्षात ७३० वेळा, आणि परत ठेवायचा ते वेगळंच. चाळिशीच्या माणसाला ह्या सात इंचांचं काही वाटणार नाही. ज्याला गुडघे धरून उठावं लागतं त्याला विचारा. सगळ्यात खाली मग पातेली आणि कढई, जी एकदा सकाळी काढली की दिवसभर ओट्यावरच असतात.

ह्यावर दुसरा मुद्दा आला: "सिस्टिममध्ये बसत नाही." सिस्टिम हा शब्द आला की आमच्या पिढीची माणसं घाबरून गप्प होतात, हे ह्या मुलांना नेमकं माहीत असतं. मी म्हटलं, बघू तरी तुझी सिस्टिम. तर ती अशी. कारखान्यात कपाटाच्या बाजूच्या फळ्यांना यंत्राने भोकं पाडतात, एका सरळ ओळीत, दोन भोकांमध्ये ३२ मिलीमीटर अंतर. चॅनेल, बिजागरी, फळीचे टेकू, सगळं त्या भोकांत बसतं. मूळ पद्धत जर्मनीची. मला आवडली. शिस्त आहे तिच्यात. पण ३२ मिलीमीटर म्हणजे सव्वा इंच. म्हणजे ट्रॉली सव्वा-सव्वा इंचाच्या पायरीने कितीही लहान-मोठी करता येते! सारखी असलीच पाहिजे असं ते यंत्र कुठेच म्हणत नाही. मी कागद घेतला. ३ भोकं म्हणजे ९६ मिलीमीटर, ४ म्हणजे १२८, ८ म्हणजे २५६ आणि ६ म्हणजे १९२. एकूण २१ भोकं, ६७२ मिलीमीटर. माझे २७ इंच म्हणजे साधारण ६८६. उरले १४, ते दगडाखाली बोटं घालायला फट म्हणून सोडायचे. माझा कुकर त्यातही बसतो, तीनेक सूत शिल्लक ठेवून. मग सिस्टिम कुठे नडली? मुलगा हसला आणि म्हणाला, "काकू, तुम्ही गणित शिकवायचात का?" नाही रे बाबा, मराठी आणि इतिहास. मी पहिलीत होते तेव्हा, १९५७ साली, नवे पैसे आले. त्यामुळे आमची पिढी आण्यातून पैशात आणि इंचातून सेंटिमीटरमध्ये बदल करतच मोठी झाली. बी.ए.ला गणित लागत नाही.

ह्या बदलांतच एक खाच आहे, ती सांगून ठेवते. दुकानात "वीस इंची" चॅनेल म्हणून मिळतं ते ५०० मिलीमीटरचं असतं, म्हणजे वीस इंचांना अडीच सूत कमी. सुतार इंच आणि सुतात बोलतो (आठ सूत म्हणजे एक इंच), कारखाना मिलीमीटरमध्ये बोलतो आणि आपण मध्ये उभे. एकाच माणसाने एकाच भाषेत सगळी मापं लिहावीत. आणि रुंदी मोजताना कडप्प्याच्या दोन भिंतींमधलं अंतर पुढे, मागे, वर, खाली मोजायचं. आमच्याकडे पुढे २४ आणि मागे २३ इंच ६ सूत भरलं. भिंत ओळंब्यात नव्हती. सगळ्यात कमी जे भरेल तेच खरं माप. तरी हिशोबासाठी २४ धरा. दोन्ही बाजूंना पेटीची पाऊण इंची फळी, गेले दीड. दोन चॅनेलना अर्धा-अर्धा, गेला एक. ट्रॉलीच्या दोन बाजू अर्ध्या इंची प्लायच्या, गेला आणखी एक. २४ चे आत उरतात साडेवीस. माझ्या थाळ्या साडेदहा इंची आहेत. दोन शेजारी ठेवायच्या तर २१ हवेत. अर्ध्या इंचाने हुकतं! म्हणून थाळ्या मी ट्रॉलीत ठेवणारच नाही.

त्या कुठे ठेवणार? मांडणीत. माझ्याकडे अजून आहे. तुमच्यापैकी किती जणांनी ती "जुनाट दिसते" म्हणून भंगारात काढली? स्टीलची, भिंतीवर टांगायची. तिला थाळ्या उभ्या खोचायला ताटाळं, चमच्यांना चमचाळं, कपांना आकडे, पेल्यांना एक उथळ फळी, डब्यांना एक उंच. तिच्यात दोन खण सारखे नाहीत. ती बनवणाऱ्याने भांडं आधी पाहिलं आणि खण नंतर वळवला. आमच्या आईच्या माजघरातल्या फडताळातही तसंच, वरचा खण बुटका, लोणच्याच्या बरणीचा उंच. त्याला कोणी डिझाइन म्हटलं नाही, म्हणून ते डिझाइन नाही असं आपण समजलो.

भाच्याने मध्यंतरी एक दुवा पाठवला होता, "मावशी, तुझ्यासारखी एक बाई सापडली" म्हणून. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की हे तिचं नाव. ऑस्ट्रियाची आर्किटेक्ट. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात कामगारांसाठी नवी घरं बांधत होते, त्यांच्यासाठी तिने एक छोटंसं स्वयंपाकघर आखलं. आजच्या मॉड्युलर किचनची ती आजीच. बाईंनी घड्याळ लावून पाहिलं होतं की कोणत्या कामाला किती वेळ लागतो, किती पावलं पडतात. साखर, तांदूळ ह्यांसाठी ॲल्युमिनिअमचे छोटे खण, ओतायला पुढे चोच असलेले, प्रत्येकावर नाव. बसून काम करता यावं म्हणून फिरतं स्टूल! १९२६ साली! आमच्या डिझायनरच्या चित्रात बसायला जागा नाही. पण माझ्यासारखी मात्र ती अजिबात नव्हती, कारण ते स्वयंपाकघर आखेपर्यंत आपण कधी स्वयंपाक केला नव्हता, असं तिने स्वतःच पुढे सांगितलं. प्रामाणिक बाई. आणि तिच्या त्या नाव घातलेल्या खणांवरही टीका झाली, की त्यांनी बाईला एका ठरावीक पद्धतीत अडकवलं. ती टीका मला पटते. तांदळाच्या खणात तांदूळच ठेवायचा, ही सक्ती मलाही नको. माझ्या साडेदहा इंची ट्रॉलीत उद्या कुकर नसेल, सून तिथे मिक्सरचं भांडं ठेवेल. ठेवू दे. उंच वस्तू प्रत्येक घरात असते आणि चपटी वस्तूही प्रत्येक घरात असते. एवढंच माझं म्हणणं आहे.

मुलाचे मुद्दे राहिले. एक, खर्च. चौथी ट्रॉली म्हणजे आणखी एक चॅनेलची जोडी, आणखी एक फळी, आणखी एक मूठ. खरं आहे, खर्च वाढतो. पण त्याच चित्रात वरच्या ट्रॉलीसाठी प्लॅस्टिकचे "ऑर्गनायझर" लिहिले होते, साडेपाच इंच हवेत चमचे हरवू नयेत म्हणून. आधी जागा जास्त द्यायची, मग ती भरायला वस्तू विकायची. ते काढून टाका आणि चॅनेल घ्या. दोन, "आई, उद्या फ्लॅट विकायचा झाला तर?" मी म्हटलं, विकायचा आहे का? नाही. मग न आलेल्या माणसाच्या डोळ्यांसाठी मी रोज का वाकू? ह्यावर तो काही बोलला नाही. थोडं जोरात बोलले मी, कबूल आहे. तीन, रेषा. हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. माझा कप्पा शेजारच्या दोन कप्प्यांशी जुळत नाही, दुरेघी वही मध्येच तुटते, हे दिसतंय आणि ते दिसायला चांगलं नाही. मलाही सुंदर घर आवडतं. पण बाकीचे दोन कप्पे मी त्यांना दिलेत, करा तिथे काय रेषा ओढायच्या त्या. एक कप्पा गॅसच्या उजव्या हाताचा, तो माझा.

सूनबाईंची तटस्थता परवा संपली. रात्री जेवणं झाल्यावर ती रूळ घेऊन गॅसपाशी उभी राहिली. तिची उंची ५ फूट ४. स्वतःच्या कमरेपाशी, गुडघ्यापाशी धरून बघितला आणि म्हणाली, "आई, कुकर मलाही इथेच बरा पडेल. पण चमच्यांची ट्रॉली पाव इंचाने वाढवा, माझा केकचा बीटर बसत नाही." पाव इंच कुठून आणायचा? खालच्या साडेसातातून काढला. पातेल्यांना अजून जागा आहे, सहाच्या आतच आहेत ती, पण आता फार काही शिल्लक नाही. ३२ च्या पायरीत पाव इंच बसत नाही, तेव्हा कारखान्याची पेटी रद्द आणि सुताराकडून जागेवर करून घ्यायचं ठरलं. डिझायनरने मोठ्या मनाने चित्र बदललं. खाली बारीक अक्षरात "ग्राहकाच्या आग्रहावरून" असं लिहिलंय. लिहू दे.

सुतार राजस्थानचा आहे, वीस वर्षं पुण्यात. त्याला चित्र दाखवलं तर त्याने ते बाजूला ठेवलं आणि विचारलं, "आंटी, बर्तन किधर है?" मी त्याला चहा दिला आणि तो रूळ दिला. त्याने पेन्सिलीच्या खुणा एकेक करून वाचल्या, मराठी नावं मला विचारून घेतली, आणि फटी किती सोडायच्या ते सुतात ठरवलं, दोन फळ्यांमध्ये एक सूत. सोमवारी काम सुरू होईल.

वन्सं, तुमच्याकडेही पुढच्या महिन्यात काम काढणार आहात असं ऐकलं. चित्रावर सही करायच्या आधी भांडी हॉलमध्ये मांडा आणि मला बोलवा. रूळ घेऊन येते. मात्र तुमचा तो साडेसात लिटरचा कुकर आधी घासून ठेवा, मागच्या वेळी झाकण हाताला चिकटत होतं.